ह्या बसण्याला, का त्या?

दर गुरुवारी संध्याकाळी सहा ते साडेसहा मेस्त्री परमिट रूमच्या दारात उभे असत. आत जात नसत आणि तिथून हलतही नसत. अंगात खाकी हाफ शर्ट, वरच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी, हातात जर्मनची चहाची किटली. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, म्हातारा कुणी पाजणारा भेटतोय का बघतोय. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. अकरा वर्षं हा माणूस त्या दारात उभा राहिला आणि अकरा वर्षांत एकदाही त्याने आत पाऊल टाकलं नाही, हे मला कळायला फार वेळ लागला. मला पुष्कळ गोष्टी कळायला वेळ लागतो. मी हायस्कूलला मराठी शिकवतो.

मी तिथे कसा पोचलो, ते आधी सांगायला हवं. दिवाळीत सविता मुलीला घेऊन जयसिंगपूरला माहेरी गेली ती परत आली नाही. भांडण झालं नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच होतं की, सोडा असं मी म्हणतच नाही, पण तुम्ही पिता, हे एकदा तुमच्या तोंडून मला ऐकायचंय. मी म्हणालो, अगं, कधीतरी होतं थोडंसं. ती म्हणाली, बघा, अजून तेच. आणि बॅग भरायला लागली. एवढ्याशा वाक्यासाठी कुणी घर सोडतं का, हे मला उमगेना. वाक्य म्हणून टाकायचं आणि मोकळं व्हायचं, हेही सुचेना. रोज संध्याकाळी आठला मुलीचा फोन यायचा. आठ वाजता मी फोन उचलण्याच्या अवस्थेत नसे. महिनाभराने तो यायचा बंद झाला.

मग पोट दुखायला लागलं. डॉक्टर माझाच जुना विद्यार्थी निघाला. त्याने रिपोर्ट बघितला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा रिपोर्ट बघितला. ज्या सरांनी आपल्याला समास शिकवले, त्यांना तोंडावर कसं सांगायचं, हा बिचाऱ्याला पडलेला प्रश्न मला स्पष्ट दिसत होता. शेवटी त्याने एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि "सर, एकदा जाऊन या" एवढंच म्हणाला. चिठ्ठीत लिहिलं होतं: गुरुवार, साडेसहा, तालमीच्या वर, बैठक. खाली तालमीचं नाव आणि पेठ. बाकी काही नाही.

आता 'बैठक' या शब्दाचे कोल्हापुरात किती अर्थ होतात, हे निदान मला तरी कळायला हवं होतं. तालमीत शिरलो तर लाल मातीच्या हौद्यात पोरं झुंजत होती. वस्ताद खुर्चीवर बसले होते. मी हळूच विचारलं, इथे बैठक असते ना? वस्तादांनी मला डोक्यापासून पोटापर्यंत बघितलं, पोटापाशी जरा थांबले आणि म्हणाले, "असती की. किती मारतासा?"

माझा चेहरा पडला. मनात म्हटलं, इथे दारातच विचारतात वाटतं. पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून मी खाली वाकून पुटपुटलो, "रोज दोन-तीन."

"दोन-तीन?" वस्ताद म्हणाले. "एवढ्यानं काय हुतंय? दोनशे-तीनशे मारा की. उद्या पाटंचं या, लंगोट घिऊन."

मी जो बाहेर पडलो तो थेट कोपऱ्यावरच्या पानपट्टीवर. तिथे विचारलं, गुरुवारची बैठक कुठे असते हो? पानवाल्याने चुना लावता लावता माझ्याकडे न बघताच हनुवटीने समोर दाखवलं. "बसायचंय व्हय? त्ये काय. फ्यामिली सेक्शन वर, आपलं खाली." समोर परमिट रूम होती. मी गोंधळलो. खरं सांगायचं तर, गोंधळलो आणि मला बरंही वाटलं. जाऊन आलो असं डॉक्टरला सांगता येईल, असाही एक लबाड विचार मनात आला. मी पायरीवर पाय ठेवला आणि किटली आडवी आली.

"पावणं, बसाय आलायसा?"

मी हो म्हणालो.

"कुठल्या बसण्याला? ह्या, का त्या?" मेस्त्रींनी किटलीनेच आधी परमिट रूमचं दार दाखवलं, मग तालमीच्या कडेचा लोखंडी जिना. जिना तालमीच्या आतून नव्हता, बोळातून होता. माझ्या हातातली चिठ्ठी त्यांना दिसली असणार. म्हणाले, "डाक्टरनं बैठक लिवलंय न्हवं? सगळ्यांची हीच गत हुतीय. निम्मी खाली लंगोटात आडकत्यात, निम्मी हितं. चला वर."

वरच्या खोलीत कॅरमचा बोर्ड होता, गणपतीच्या आराशीचं उरलेलं थर्माकोल होतं आणि आठ-दहा माणसं खुर्च्यांवर बसली होती. त्या बसण्याचे नियम साधे. आडनाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही, नोकरीधंदा सांगायचा नाही, आणि खोलीतलं बोलणं खोलीतच ठेवायचं. ज्या गावात अनोळखी माणसाला पाणी द्यायच्या आधी 'पावणं, कुठलं?' विचारतात, त्या गावात हा नियम पाळायचा म्हणजे जीव जायची पाळी. लोक नुसते तळमळत असत. एकेकाने उठायचं, नाव सांगायचं, 'मी दारुडा आहे' म्हणायचं आणि मग मनातलं बोलायचं. माझी पाळी आली. मी उभा राहिलो, नाव सांगितलं आणि म्हणालो, "माझ्याकडून अधूनमधून थोडी घेतली जाते." कुणी हसलं नाही. मी मात्र घामाघूम झालो.

मीटिंग संपल्यावर मेस्त्रींनी मला चहा दिला. पाक म्हणावा इतका गोड. दारू सोडलेल्या माणसाला गोड लागतं, असं त्यांचं म्हणणं. मग म्हणाले, "सर, तुमच्या वाक्यात माणूसच न्हाय."

मी सर आहे हे यांना कुणी सांगितलं, असं मी जरा रागानेच विचारलं. त्यांनी माझ्या बोटावरचा खडू दाखवला. शिवाय शेजारचा तरुण बोलत असताना मी म्हणे त्याचं 'आनि' दोनदा दुरुस्त केलं होतं. मला आठवतसुद्धा नव्हतं.

मेस्त्री म्हणजे लेथवरचे टर्नर. हयात उद्यमनगरातल्या कारखान्यांत गेली होती, आणि हेही त्यांनी सांगितलं नाही, त्यांच्या बोलण्यातून कळलं. लोखंडाचा तुकडा यंत्रावर गरगरा फिरतो आणि पातं त्याचा पापुद्रा काढत जातं, ते काम. सोडण्याबद्दल ते बोलायचे ते याच भाषेत. "कट बारीक घ्यायचा, सर. एका दमात सगळं काढाय गेलं की टूल मोडतंय. जलमभराची सोडायची न्हाय. आजची सोडायची. उद्याचं उद्या बघू." डाव्या करंगळीचं पेर त्यांना नव्हतं. यंत्रात गेलं का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "मशिनीनं न्हाय नेलं. मी पिऊन मशिनीवर हुबा ऱ्हायलतो. मी कापलं." त्यांच्या वाक्यात माणूस नेहमी असे.

बाकी माणूस काही गुळाचा गणपती नव्हता. हट्टी होते, फटकळ होते. कुणी मीटिंगला रडायला लागलं की, हुंदका पुरा व्हायच्या आत त्याच्या हातात कप देत. कुणी सोडल्याची फुशारकी मारली की म्हणत, "सोडली म्हणू नगं. आज न्हाय घेतली म्हण." स्वतःची अकरा वर्षं झाली तरी उभे राहून 'मी दारुडा हाय' असंच म्हणत. मला हे पटायचं नाही. वर्तमानकाळ कशाला वापरता, भूतकाळ वापरा ना, असं मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा वर्तमानकाळच.

चार महिने मी एक थेंब घेतला नाही. ते वाक्यही म्हटलं नाही. दर गुरुवारी उभा राहायचो आणि काहीतरी गुळमुळीत बोलून खाली बसायचो. मेस्त्री म्हणत, "आज न्हाय तर न्हाय. बसा. बसल्याबिगार उठता येत न्हाय." सविताला फोन करून सांगावं, मी चार महिने कोरडा आहे, असं अनेकदा मनात यायचं. पण मग ती विचारणार, कोरडे आहात म्हणजे आधी काय होतात? आणि तिथे माझी गाडी अडायची.

मग आमच्या एका शिक्षकाचा निरोप समारंभ आला. मंगळवारी. समारंभानंतर सगळे 'बसायला' गेले आणि मी गेलो. एकदा सुरू झाल्यावर बुधवारही तसाच गेला. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायला घेतले होते. गुरुवारी सकाळी बघतो तर एकाच मुलीच्या निबंधाला मी आधी आठ गुण देऊन नंतर खोडून तीन केले होते. का केले, काही आठवेना. त्या पोरीचं अक्षर इतकं सुरेख होतं. मला स्वतःची इतकी शिसारी आली की, संध्याकाळी मीटिंगला न जाता मी परमिट रूमलाच गेलो. मेस्त्रींना चुकवायचं म्हणून मागच्या दाराने. केवढी ही अक्कल! प्यायला मागच्या दाराने जाणाऱ्याला बाहेर पडायला पुढचंच दार सापडतं.

पावणेआठला बाहेर आलो तर मेस्त्री पायरीखाली उभे. मला मागच्या बोळात शिरताना पानवाल्याने बघितलं होतं. वर खोलीतला दिवाही मालवला होता. अकरा वर्षांत त्यांचा पहिल्यांदा गुरुवार बुडाला होता. किटलीतला चहा थंडगार झालेला.

मला राग आला. मी म्हणालो, एवढी काळजी होती तर आत येऊन ओढून का नाही काढलंत?

"त्या उंबऱ्याच्या आत मी जात न्हाय सर," ते म्हणाले. "माझी मला खात्री न्हाय."

अकरा वर्षांनंतर? मला काही कळेना. मी तिथेच पायरीवर बसलो. ते शेजारी बसले नाहीत, उभेच राहिले. कुणी पाजली, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, कुणी नाही, समारंभ होता, झाली थोडी.

"झाली? पाऊस झाल्यागत?"

मग मी म्हणालो, घेतली. आणि मग काय झालं कोण जाणे, पोटात दारू आणि डोक्यात व्याकरण, मी त्यांना भर रस्त्यात प्रयोग शिकवायला लागलो. म्हटलं, मेस्त्री, 'मी दारू घेतली' यात क्रियापद कुणाच्या मागे जातं? दारूच्या. दारू घेतली, पेग घेतला, सगळे पिणारे 'घेतली'च म्हणतात बघा. पण पिणे हे क्रियापद तसं नाही. मी दारू प्यायलो. सविता दारू प्यायली. तिथे क्रियापद माणसाला सोडत नाही. पंचवीस वर्षं मी हे अपवाद म्हणून शिकवतोय. आणि बोलता बोलता मला रडू कोसळलं.

त्यांनी मुकाट्याने सगळं ऐकलं. जरा विचार करून म्हणाले, "म्हंजे 'घेतली' म्हटलं की गाडी दारू चालवतीया, आणि 'प्यायलो' म्हटलं की मी?"

मी मान हलवली.

"एवढं कळतंय तर म्हणा की सर."

पानवाला बघत होता. माझ्या शाळेतलं कुणी बघत असेल का, हे मी बघत होतो. मेस्त्री म्हणाले, आज न्हाय तर न्हाय, किटली धरा. आणि मला रिक्षा थांब्यापर्यंत चालवत नेलं. त्या माणसाबद्दल मला त्या दिवशी जे वाटलं, त्याला प्रेमच म्हणायला हवं. दुसरा शब्द मला येत नाही.

त्याच वाटेवर मी त्यांना विचारलं, घरी कोण कोण आहे? मीटिंगच्या नियमात हे बसत नव्हतं, पण ते बोलले. बायको वारलेली. मुलगा पुण्याकडे कारखान्यात. सणाला येतो, दाराशी चपला काढतो आणि आधी वास घेतो. मी म्हटलं, मग त्याला सांगितलं नाही का, अकरा वर्षं झाली म्हणून? ते म्हणाले, "धा येळा सांगितलंय त्येला, सोडली म्हणून. अंबाबाईची शपथ तीनदा घेतली, तिन्ही येळा मोडली. आता सांगायचं न्हाय. आता नुसतं न्हाय प्यायची. कधी त्येचं त्येला कळलं तर कळलं." गुरुवारी कुठे जाता असं त्याने विचारलं, तर काय सांगता? "बसाय जातोय म्हणून सांगतो. खोटं कशाला बोलू?"

हे मला तेव्हा हास्यास्पद वाटलं. माणूस स्वतःला असा बदनाम का करून घेतो, हे कोडं मला आजही पुरतं सुटलेलं नाही. बहुतेक, सांगितलं की पुन्हा मोडेल, अशी त्यांना भीती असावी.

त्यानंतर मी नऊ महिने प्यायलो नाही. आणि एका गुरुवारी मेस्त्री दारात नव्हते.

साडेसहा झाले, पावणेसात झाले. त्यांचा फोन वाजून वाजून बंद पडायचा. वर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. कुणालाच त्यांचं आडनाव माहीत नव्हतं, घर माहीत नव्हतं. नियम इतका चोख पाळला होता आम्ही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी उद्यमनगरात गेलो आणि मेस्त्री कुठे राहतात म्हणून विचारत सुटलो. उद्यमनगरात मेस्त्री अशी हाक मारली तर निम्मी गल्ली वळून बघते. कुठला मेस्त्री? फिटर, टर्नर, वेल्डर? खाकी शर्टवाला म्हटलं, तर सगळेच खाकी शर्टवाले. करंगळीचं पेर नसलेला म्हटलं, तर तिघांनी आपापले हात पुढे केले. एका मेस्त्रींनी मला बसवून चहा पाजला आणि मी शोधतोय ते आपण नाही, याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. अंधार पडायच्या सुमाराला मी तसाच परत आलो.

शनिवारी सकाळची शाळा. स्टाफरूममध्ये वर्तमानपत्र पडलं होतं. निधनाच्या पानावर फेटा बांधलेला एक फोटो होता. फेट्यामुळे आधी ओळखलंच नाही. मग डोळे ओळखीचे वाटले. खाली नाव आणि आडनाव. ते मी इथे लिहीत नाही, त्यांना चाललं नसतं. रक्षाविसर्जन आज सकाळी नऊ वाजता, पंचगंगा. मुख्याध्यापकांना काहीतरी कारण सांगितलं आणि रिक्षा पकडली.

आमच्याकडे तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली की, गेलेल्या माणसाच्या आवडीचं पानावर वाढतात आणि सगळे लांब उभे राहून कावळ्याची वाट बघतात. मी पोचलो तेव्हा पान वाढून झालं होतं. भाकरी, वांग्याची भाजी, दहीभात, तंबाखूची पुडी. पन्नासेक माणसं होती. मुलगा ओळखू आला, डोळे तेच. त्याच्या शेजारी मेस्त्रींची थोरली बहीण, सगळे तिला अक्का म्हणत होते. मी मागे उभा राहिलो, तर कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. माझ्या दहावीच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील. उद्यमनगरात त्यांचं वर्कशॉप. सर, तुम्ही इकडे कसे, मेस्त्रींची ओळख कशी, असं त्यांनी विचारलं. त्या गोंधळात माझ्या तोंडून निघून गेलं, "आम्ही गुरुवारी एकत्र बसायचो."

त्यांच्या भुवया वर गेल्या. मला माझी चूक कळली. पुढचा एकजण मागे वळून म्हणाला, व्हय, गुरुवारी बारच्या दारात हमखास असायचं म्हातारं. मुलाने ऐकलं. तो रागावला नाही. "शेवटपातूर सुटली न्हाय त्यांची," एवढंच म्हणाला. मग पँटच्या खिशातून त्याने एक क्वार्टर काढली, सील फोडलं आणि स्टीलच्या पेल्यात ओतून पेला पानावर ठेवला. "आयुष्यभर बोललो त्यांस्नी हिच्यावरनं. आता शेवटचं तरी मनासारखं." पोरगा प्रेमानेच करत होता हो, तेच तर मला सहन होईना.

बायका डोळे पुसायला लागल्या. कावळे पिंपळावर बसले होते, एकही खाली येत नव्हता. दहा मिनिटं गेली. कुणीतरी म्हणालं, काहीतरी राहिलंय म्हाताऱ्याचं. मी त्या पेल्याकडे बघत होतो. अकरा वर्षं ज्याने उंबरा ओलांडला नाही, त्याच्या पानावर दारू. आणि मी काय सांगणार? मेस्त्रींनी जे स्वतः सांगितलं नाही, खोलीबाहेर नेलं नाही, ते सांगायचा मला काय अधिकार? त्यांची गोष्ट सांगायचा मला अधिकार नव्हता. माझी सांगायचा होता. शेजारी माझ्या विद्यार्थिनीचा बाप उभा होता. सोमवारी शाळेत हे सगळ्यांना कळणार होतं. मी पुढे गेलो.

"तो पेला उचला," मी मुलाला म्हणालो. "मी दारुडा आहे. मी दारू प्यायलो. बायको-मुलगी घर सोडून गेली तरी प्यायलो. गुरुवारी त्या बारमध्ये मी गेलो. हे दारात उभे राहून माझ्यासारख्यांना अडवत होते. ते आत कधीच गेले नाहीत."

मुलगा माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याने विचारलं, "किती वर्सं झाली त्यांनी सोडून?"

मी उत्तर दिलं नाही. खोलीतलं खोलीत. पण अक्का बोलली. "मला वाटायचंच," ती म्हणाली. "जाऊन-येऊन असायची मी. घरात बाटली दिसायची न्हाय, साखर तेवढी लई संपायची." तिने पुढे होऊन पेला उचलला, लांब झाडाच्या बुंध्याशी ओतला, नळावर दोनदा विसळला आणि कुणालातरी चहा आणायला पाठवलं. मुलगा तोवर खाली बसला होता. मी त्याच्याजवळ बसलो. तो मला पुन्हा पुन्हा तेच विचारत होता, मग मला का न्हाय सांगितलं, मला का न्हाय? मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. एवढ्यात कुणीतरी म्हणालं, अहो, शिवला की! बघतो तर भाकरीचा कोपरा गेलेला. कावळा कधी आला, काय खाल्लं आणि कधी गेला, कुणीच बघितलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

परत निघताना अक्काने पिशवीतून किटली काढून माझ्या हातात दिली. हिचं आम्ही काय करायचं, म्हणाली.

पुढच्या गुरुवारी सहाला मी परमिट रूमच्या दारात उभा होतो. आल्याचा चहा स्वतः केला होता, साखर कमी पडली की जास्त झाली, काही समजत नव्हतं. पानवाला बघत होता. समोरून शाळेचा शिपाई सायकलवरून गेला, त्याने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. आणि फोन वाजला. सविता. जयसिंगपूर काही लांब नाही, बातमी पोचली असणार.

"कुठे आहात?" तिने विचारलं.

आता काय सांगणार? खोटं कशाला बोलू? "परमिट रूमच्या दारात," मी म्हणालो.

फोन ठेवते की काय, असं वाटलं. मी म्हणालो, "सविता, मी दारू पितो. आज प्यायलो नाही. आत जाणार नाही, इथे साडेसहापर्यंत उभा राहणार आहे आणि मग वर जाऊन बसणार आहे. कुठल्या बसण्याला, ते तुला नंतर सांगतो."

पलीकडून मुलीचं काहीतरी विचारणं ऐकू आलं, आणि सविता तिला 'बाबा आहेत' असं म्हणाली.

"आठ वाजता ती फोन करेल," सविता मला म्हणाली. "उचला."